याला ऊन कुठंय?

अनंताची कुंडी आमच्या गॅलरीत एकोणीस वर्षं होती. आई गेली त्या पावसाळ्यात मिरजेहून एसटीनं येताना मी ती मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडायला हात पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघून तसाच पुढे निघून गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो फुलायचा. पहिल्या दिवशी पांढरंशुभ्र, दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं, तिसऱ्या दिवशी जुन्या पुस्तकाच्या पानासारखं पिवळट होणारं फूल. वास मात्र तिन्ही दिवस तोच, बंद खोलीत ठेवलं तर डोकं धरावं लागेल इतका दाट. मागचे दोन पावसाळे त्याला एकही कळी धरली नाही. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. फांद्या लांबलचक, बारीक, गॅलरीच्या कठड्याबाहेर माना काढून रस्त्यावर कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या.

मी काय काय केलं नाही! आधी शेणखत, मग गांडूळखत, मग कडुलिंबाची पेंड. कुणी म्हणालं लोह कमी पडलंय, तर बोहरी आळीतून हिराकस आणून चिमूट चिमूट घातलं. कुणी म्हणालं अनंताला आंबट माती लागते, म्हणून आठवड्यातून एकदा पातळ ताक. पानामागे पिठ्या ढेकूण दिसला तेव्हा कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपला. अख्खा रविवार त्यात गेला आणि संध्याकाळी मला एखादं व्रत पार पडल्यासारखं वाटलं. माती बदलली. कुंडी बदलली. मुलगा म्हणाला, "आई, तू आम्हाला तापात इतकं केलं नव्हतंस." मी म्हटलं, तुम्ही रडून सांगायचात तरी.

खालच्या मजल्यावरच्यांकडे एक माळीकाका येतात. त्यांना एकदा वर बोलावलं. सत्तरीचे असतील, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात कात्री. मी त्यांना सगळा इतिहास सांगितला. डॉक्टरांसमोर फाईल उघडावी तशा पेंडीच्या, खताच्या पिशव्याही दाखवल्या. त्यांनी पिशव्यांकडे बघितलं नाही. कुंडीकडेही नीटसं नाही. गॅलरीत उभं राहून त्यांनी मान वर केली, समोर बघितलं, मग डावीकडे, मग परत वर.

"ताई, याला ऊन कुठंय?"

मग त्यांनी एक फांदी दोन बोटांत धरून मला दाखवली. एका पानजोडीपासून दुसऱ्या पानजोडीपर्यंतचं अंतर चांगलं चार बोटं. जुन्या, खालच्या भागात तेच अंतर एका बोटाचं. "मान लांब केलीय त्यानं," ते म्हणाले. "शोधतोय. खत कसलं घालताय, पोट कुठं बिघडलंय त्याचं!"

समोर अकरा मजली इमारत आहे. दोन वर्षांपूर्वी तिथं एक बैठा बंगला होता, मागे दोन नारळ आणि एक रायवळ आंबा. तो पाडला तेव्हापासून ही इमारत मी माझ्या डोळ्यांनी वर चढताना बघितली आहे. एकेक स्लॅब पडला की मोजायचे. सिमेंटची धूळ पोहे परतताना कढईत पडते म्हणून भांडले आहे. रात्री साडेदहाला ड्रिल चालू होतं तेव्हा खाली जाऊन वॉचमनशी हुज्जत घातली आहे. आंबा तोडला त्या दिवशी तर दोन वेळा जेवले नव्हते, आणि हे मी जिला तिला सांगितलंही आहे. पण आमची गॅलरी पूर्वेची आहे, सकाळी साडेसात ते अकरा एवढंच काय ते तिचं ऊन, आणि ते आता येत नाही, ही गोष्ट दोन वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती. उजेड होता ना! पेपर वाचता येत होता. उजेड आणि ऊन यांत फरक असतो हे काय मला माहीत नव्हतं? चौथीच्या मुलाला विचारलं तरी तो सांगेल झाडाला काय काय लागतं.

त्या रात्री झोप लागेना. लाज म्हणावी तर तेवढीही मोठी गोष्ट नाही. एक कुंडी. पण दाताच्या फटीत काहीतरी अडकावं तसं ते वाक्य अडकून बसलं. आणि असंच कुणीतरी, असंच मूर्खासारखं, झाडाची पानं चाचपत बसलेलं मी कुठंतरी आधी बघितलंय असं सारखं वाटत होतं. पहाटे कधीतरी आठवलं. माणूस नव्हता तो. म्हणजे होता, पण सिनेमातला.

1987ची मे महिन्याची सुट्टी. मिरजेला मामाकडे आम्ही नऊ-दहा भावंडं, आणि मामेभावानं एका रात्रीसाठी भाड्यानं आणलेला व्हीसीआर. सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी, आणि तिसरी दुकानदारानं गळ्यात मारलेली इंग्रजी. झाकणावर अवकाशयान होतं, म्हणून दादाला वाटलं मारामारीचा असणार. दोन हिंदी संपेपर्यंत तीन वाजले. एकेक जण जागच्या जागी सतरंजीवर आडवा झाला. पण भाडं भरलंय तर वसूल करायला हवं, ही आमच्या घराची शिकवण. तिसरी कॅसेट लावली तेव्हा जागे होतो मी आणि दादा. पंधरा मिनिटांत दादाही घोरायला लागला. प्रिंट इतकी मळकी की जंगल आहे का शेवाळ धरलेली विहीर, कळेना. इंग्रजी निम्मं कळत होतं. 'सायलेंट रनिंग' हे नावही मला तेव्हा कळलं नव्हतं. पाणबुडी शत्रूला चाहूल लागू नये म्हणून सगळे आवाज बंद करून पुढे सरकते, त्याला तसं म्हणतात, हे फार पुढे समजलं.

शेवटाला आजी उठली. ती रोज पहाटे उठायची, सडा घालायला. हातात तांब्या घेऊन ती दारात थबकली. पडद्यावर एक बुटकं यंत्र, ना धड माणूस ना धड स्टूल, पत्र्याची पोचे आलेली झारी धरून झाडांना पाणी घालत होतं. आजूबाजूला काळं आभाळ. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी घालतंय होय गं ते?" मी म्हटलं, हो. "मग माणूस कुठं गेला?"

मला सांगता आलं नाही. म्हणजे कळलं होतं, पण आजीला पहाटे साडेपाचला सांगण्यासारखं ते नव्हतं.

तर गेल्या महिन्यात तो सिनेमा पुन्हा बघितला. लॅपटॉपवर, एकटीनं, स्वच्छ प्रिंट. बाहेर चाळीसच्या वर पारा, म्हणून बेडरूमचा एसी लावून. सिनेमा 1972चा. दिग्दर्शक डग्लस ट्रम्बुल तेव्हा तिशीही न गाठलेला. '2001: अ स्पेस ओडिसी'साठी त्यानं दृश्यकरामती केल्या होत्या, पण त्यात शनीची कडी काही मनासारखी जमेनात म्हणून तिथं गुरूवर भागवावं लागलं. ती राहिलेली हौस त्यानं आपल्या पहिल्याच सिनेमात भागवून घेतली. गोष्ट फार थोडी आहे. पृथ्वीवर झाडं उरलेली नाहीत. जी शेवटची जंगलं वाचली ती काचेच्या घुमटांत घालून, घुमट यानांना जोडून, लांब शनीपाशी नेऊन ठेवली आहेत. कधीतरी पृथ्वी पुन्हा हिरवी करायची म्हणून. त्यातल्या एका यानावर चार माणसं. तिघांना कधी एकदा घरी जातो असं झालंय. चौथा, फ्रीमन लोवेल, आठ वर्षं त्या झाडांत रमलेला. ब्रूस डर्ननं तो केलाय. ताणलेले डोळे, साधूसारखा अंगरखा, आणि बोलताना सतत आपण दुखावले गेलो आहोत असा सूर. एक दिवस हुकूम येतो की घुमट सोडून द्या, अणुस्फोटानं उडवा आणि यानं परत मालवाहतुकीला आणा. कारण? कारण कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही. खर्च परवडत नसणार. बाकीचे तिघं आनंदानं नाचतात. लोवेल त्यातल्या एकाला जंगलात, फावडं हाती असताना झालेल्या झटापटीत ठार मारतो, उरलेल्या दोघांना घुमटासकट उडवून देतो, आणि शेवटचं जंगल घेऊन पळून जातो. सोबतीला तीन बुटकी यंत्रं. डोनाल्ड डकच्या पुतण्यांची नावं तो त्यांना देतो, ह्युई, ड्युई आणि लुई.

सुरुवातीलाच एक जेवणाचा प्रसंग आहे. लोवेल स्वतः पिकवलेलं खरबूज कापून खातो, बाकीचे यंत्रातून निघालेलं काहीतरी चघळत त्याची टर उडवतात. तो चिडतो. म्हणतो, पृथ्वीवर कुठंही जा, सगळीकडे तापमान तेच, 75 अंश. सगळं सारखं, माणसंही सारखीच. पंचाहत्तर म्हणजे फॅरनहाइट. मी सहज मनात हिशेब केला, आपले चोवीस. आणि वर बघितलं. एसीवर 24 आकडा होता. मी लावलेला नव्हे, तो लावूनच येतो. 2020पासून आपल्याकडे नवा एसी सुरू केला की चोवीसवरच सुरू होतो, वीज वाचावी म्हणून सरकारनं तसा नियम केलाय. नियम चांगलाच आहे. पण पन्नास वर्षांपूर्वी एका माणसानं 'आता जगात सगळीकडे हेच' म्हणून ज्या आकड्यावर दात-ओठ खाल्ले, त्या आकड्यात मी पांघरूण घेऊन बसले होते.

एसी बंद केला नाही, हेही सांगून टाकते.

लोवेलच्या भाषणावर जे उत्तर येतं ते मला 1987ला ऐकू आलं नव्हतं, किंवा कळलं नव्हतं. त्याचा एक सहकारी म्हणतो, अरे, पण आता रोगराई फारशी उरलेली नाही, गरिबी नाही, काम नाही असा माणूस नाही. तो हे टोमण्यानं म्हणत नाही, सरळ म्हणतो. आणि लोवेलकडे त्यावर नीट उत्तर नाही. तो आवाज वाढवतो, सौंदर्याबद्दल, कल्पनाशक्तीबद्दल बोलतो. तिथं मी सिनेमा थांबवला. कारण मला आजी आठवली. सिनेमा 1972चा, आणि आमच्या घरात 1972 म्हणजे एकच गोष्ट, बहात्तरचा दुष्काळ. आजोळ मूळ जत तालुक्यातलं. आजी तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर, सरकारी कामावर खडी फोडायला जायची. आमच्या मामींना ती सांगायची, मिलोची भाकरी थापायला घेतली की हातातच तुटायची. तांबडी, परदेशातून आलेली ज्वारी. ती रांगेत उभं राहून आणायची. पोरांना सुकडी. जनावरं छावणीत, त्यातली निम्मी परत आली नाहीत. अमेरिकेतल्या थेटरांत मार्च महिन्यात लोवेल खरबुजाच्या फोडीचा अभिमान मिरवत होता, त्याच वर्षी आजी खडीवर बसून हाताला फडकं गुंडाळत होती. तिला कुणी विचारलं असतं की बाई, झाड एकही नसेल, पण भूक नसेल, काम असेल, लेकरू तापानं जाणार नाही, चालेल का? तिनं काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे. आणि तिला दोष द्यायची माझी हिंमत नाही.

पण हीच आजी, मिरजेच्या भाड्याच्या घरात, डालड्याच्या डब्यात झाडं लावायची. अनंत मूळ तिचा. तिच्याकडून आईकडे फांदी गेली, आईकडून माझ्याकडे कुंडी. भूक मिटल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल तर हे. तेव्हा दोन्ही खरं.

लोवेल मला तरुणपणी आवडला होता. त्या वयात जगावर चिडलेला कुणीही आवडतो. आता तो अंगावर येतो. इतका दुखावलेला, इतका बरोबर, की समोरच्या माणसाचं त्याला काही ऐकूच येत नाही. तिघं सहकारी काही दुष्ट नाहीत. गाड्या पळवतात, त्याच्या वाफ्यांवरून चाकं नेतात, पत्ते खेळतात, घरच्या आठवणी काढतात. आमच्या सोसायटीत आहेत तशीच माणसं. आंबा तोडला त्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, पानांचा किती कचरा व्हायचा," तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. हातात फावडं नव्हतं एवढंच. आणि गंमत अशी की आमची स्वतःची इमारत 1991ची. तिच्या मागे तेव्हा एक वाडा होता, त्यातल्या कुणाच्या तरी परसातलं ऊन आम्ही खाल्लंच असणार. आम्हाला कुणी सांगायला आलं नाही. किंवा आलं असेल आणि आमच्यातल्या कुणीतरी त्यांना खाली वॉचमनकडे पाठवलं असेल.

लोवेलला पुढे त्या खुनांचं ओझं पेलत नाही. तो यंत्रांना पत्ते खेळायला शिकवतो, आणि त्यातलं एक यंत्र त्याला हरवतं तेव्हा असा हसतो की ते हसणं संपू नये असं वाटतं, कारण संपलं की काय उरतं ते त्यालाही माहीत आहे. ही यंत्रं म्हणजे सिनेमाचा जीव. पायात चाकं नाहीत, डोळ्यांत दिवे नाहीत, बोलता येत नाही. तरी एक दुसऱ्याच्या शेजारी उभं राहतं त्या उभं राहण्यातच काहीतरी आहे. आत माणसं होती. दोन्ही पाय नसलेले चार कलाकार, त्या सांगाड्यांच्या आत हातांवर चालत. ट्रम्बुलला ही कल्पना 1932च्या 'फ्रीक्स' या सिनेमातल्या, हातांवर चालणाऱ्या जॉनी एक (Eck) या कलाकारावरून सुचली. हे वाचल्यावर मी तो प्रसंग पुन्हा बघितला, जिथं दोन यंत्रं मेलेल्या माणसासाठी खड्डा खणतात. यंत्राचं पाऊल जरासं अडखळतं, मग सावरतं. ते पाऊल म्हणजे कुणाचा तरी तळहात.

आणि ते यानसुद्धा खरं होतं. यानाच्या आतली सगळी दालनं, जिने, लोखंडी बोळ हे 'व्हॅली फोर्ज' नावाच्या अमेरिकी विमानवाहू युद्धनौकेवर चित्रित झालं. कोरियाच्या युद्धात लढलेली बोट. नौदलानं मोडीत काढायला लाँग बीचच्या बंदरात लावली होती. यांचं शूटिंग झालं आणि तिचं भंगार झालं. सिनेमातल्या यानालाही त्यांनी तेच नाव ठेवलं. घुमटांचं रूप घेतलं ते सेंट लुईसच्या वनस्पती उद्यानातल्या क्लायमॅट्रॉनवरून, 1960 साली बांधलेलं अर्धगोल हरितगृह. आणि जंगल? जंगल उभं केलं लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाईस विमानतळावरच्या एका हँगरमध्ये. म्हणजे जगातलं शेवटचं जंगल म्हणून जे आपण बघतो तेसुद्धा पत्र्याच्या छपराखाली, दिव्यांच्या उजेडात उभं होतं. त्याला तरी ऊन कुठं होतं!

आता मूळ गोष्ट. शनीची कडी पार करून लोवेल आणखी दूर, काळोखात निघून जातो. आणि झाडं मरायला लागतात. पानं गळतात, खोडं वाळतात. तो पानं तपासतो, डोकं धरून बसतो, काही केल्या उमगत नाही. हा माणूस आठ वर्षं याच कामावर! आणि मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडतो की आपण सूर्यापासून लांब आलोय. मग तो धावपळ करून दिव्यांच्या रांगा लावतो.

या प्रसंगाला पन्नास वर्षं लोक हसत आले आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञाला झाडाला ऊन लागतं हे कळू नये? बरं, हिशेब मांडला तर चूक आणखी मोठी. शनी सूर्यापासून आपल्या साडेनऊ पट लांब. तिथं पोचणारं ऊन आपल्या नव्वदाव्या हिश्शाचं. म्हणजे गोष्ट सुरू होते तेव्हाच, कड्यांच्या अलीकडेच, ती झाडं कधीची गेलेली असायला हवीत. दादा जागा असता तर त्यानं तिथंच कॅसेट बंद केली असती. मीही तेव्हा मनात हसले होते. बारावी सायन्सची परीक्षा नुकतीच दिलेली, प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तोंडावर. लिहिणाऱ्यांचा आळस, दुसरं काय.

आता मला तो प्रसंग अख्ख्या सिनेमातला सगळ्यात खरा वाटतो. बाकी ठिकाणी सिनेमा अधूनमधून गोड होतो, जोन बाएझची गाणी तर मला जरा जास्तच पाकातली वाटली. पण हे खरं आहे. त्याला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. पण ज्याचा जीव झाडात अडकलाय तो पानाकडे बघतो. कीड बघतो, डाग बघतो, माती चिवडतो. तो इतका जवळ जातो की त्याच्याच डोक्याची सावली पानावर पडते. आणि त्यातून त्याच्या मनात शत्रू आधीच ठरलेला असतो, हुकूम देणारे, हसणारे, गाड्या पळवणारे. माझ्याही मनात ठरलेला होता. धूळ, ड्रिल, लिफ्टमधल्या वहिनी. समोरच्या इमारतीशी मी दोन वर्षं भांडत होते आणि तिनं माझं नेमकं काय नेलं ते मला एका परक्या माणसानं, पायजमा दुमडून, अर्ध्या मिनिटात सांगितलं. त्याला माझ्या अनंताचं काही नव्हतं म्हणूनच त्याला दिसलं असेल. आणि दुसरं असं की ऊन ही गोष्ट मोजायची आपल्याला सवयच नाही. पाणी आपण भरतो, खत विकत आणतो, त्यांचा हिशेब राहतो. ऊन येतच असतं.

पुराणातला शुक्राचार्य बळीला वाचवायला म्हणूनच झारीच्या तोटीत जाऊन बसला होता. आपण म्हण वापरताना हे विसरतो. त्याच्या मते तो अडथळा नव्हताच.

सोसायटीच्या गच्चीवर कुंडी ठेवू का, असं मी सेक्रेटरींना विचारलं. वॉटरप्रूफिंग नवीन केलंय, कुंड्या ठेवायला मनाई आहे, असं उत्तर आलं, तेही ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं. मुलगा म्हणाला, "अगं, ग्रो लाइट मिळतात, ऑनलाइन मागवू, दोन दिवसांत येतील." मागवले असते. पण मला त्या घुमटातले दिवे आठवले. लोवेल दिवे लावतो आणि जंगल वाचतं, हे खरं. पण त्यानंतर तो तिथं थांबत नाही. शोध घेणारं यान जवळ आलेलं असतं. तो जंगल एकट्या ड्युईच्या हवाली करतो, घुमट सोडून देतो, आणि स्वतः मोडक्या ह्युईसोबत यान उडवून टाकतो. वाचवलेल्या गोष्टीत स्वतःला जागा ठेवत नाही. मिरजेत पहाटे आजीला मी हेच सांगू शकले नव्हते.

मी माळीकाकांना फोन केला. ते शहराबाहेर राहतात, दोन खोल्या आणि पुढे मोकळं अंगण. म्हणाले, "द्या की. पण ताई, परत मागायचा नाही." म्हटलं, नाही मागणार. एका रविवारी ते स्कूटर घेऊन आले. मी कुंडीला जुनी साडी गुंडाळली, आईचीच होती, फाटलेली. त्यांनी पाय ठेवायच्या जागेत कुंडी उभी केली, फांद्या सुतळीनं सैलसर बांधल्या. मी हिराकसाची पुडी द्यायला गेले तर म्हणाले, "ते राहू द्या तुमच्याकडेच." झारीही पुढे केली होती मी, हिरवी, प्लॅस्टिकची, तोंडाची जाळी हरवलेली. तीही त्यांनी नको म्हटली. त्यांच्याकडे पाइप आहे.

पुढचे आठ-दहा दिवस सकाळी चहा झाला की मी झारी भरत होते. भरून झाल्यावर लक्षात यायचं. मग ते पाणी कढीपत्त्याला. त्याला नको होतं एवढं.

पंधरा दिवसांनी न राहवून फोन केला. काकू बोलल्या, काका कामावर गेले होते. मी विचारलं, अनंत कसा आहे, कळी वगैरे? पलीकडे जरा शांतता. मग त्या म्हणाल्या, "पानं करपली हो सगळी. दोन वर्षांचा सावलीतला, आणि ह्यांनी एकदम उन्हात नेऊन ठेवला. तरी मी म्हणत होते."

"मग आता?"

"आता गोणपाटाची सावली केलीय. सकाळचं तेवढं ऊन देतो, दहा वाजले की झाकतो. बुंध्यापाशी एक हिरवा ठिपका दिसतोय. पण अजून काही सांगता येत नाही."